निळ्या बापाची गोष्ट

तीर्थरूप काका आणि काकूंस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुमचा नातू "आजोबा, निळा बाबा मेला हो" म्हणून हुंदके द्यायला लागला आणि तुम्ही घाबरून मला विचारलंत, कोण गेलं रे? कोणी गेलेलं नाही. सिनेमातला माणूस होता तो. पण दोन वाक्यांत सांगून टाकावं असं ते नव्हतं, आणि सिनेमा संपला तेव्हा माझाही गळा दाटून आला होता. म्हणून हे पत्र. लांबेल जरा. सवडीने वाचा, आणि काकूंनाही मोठ्याने वाचून दाखवा.

सिनेमाचं नाव 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी', भाग दुसरा. २०१७ सालचा. जेम्स गन यांनी लिहिलेला आणि त्यांनीच दिग्दर्शित केलेला. दादाच्या मुलांमुळे असले सिनेमे तुमच्या कानावरून गेले असतील: सुपरहिरो, अवकाशयानं, धडाधड स्फोट. ते सगळं यातही आहे. पण त्या गोंगाटाच्या आत बाप कोणाला म्हणायचं, एवढी एकच गोष्ट चालू असते. पहिला भाग २०१४ मध्ये आला, तो पाहिला नसला तरी चालेल. एवढंच लक्षात ठेवा, की पाच जण आहेत आणि कोणाचं कोणाशी रक्ताचं नातं नाही. पीटर क्विल पृथ्वीवरचा. गमोरा हिरव्या कातडीची लढवय्यी. ड्रॅक्स धिप्पाड गडी, त्याची बायको आणि मुलगी मारली गेलेली. रॉकेट म्हणजे बोलणारं रॅकून, कोणीतरी प्रयोग करून करून त्याला तसं बनवलंय. पाचवा ग्रूट, चालतंबोलतं झाड. पहिल्या भागात इतरांना वाचवताना ग्रूट मोडून पडतो आणि त्याच्या एका काटकीतून नवा ग्रूट रुजतो. म्हणजे दुसऱ्या भागात या घरात एक तान्हं मूल आहे.

सुरुवातच मला फार आवडली. एका अक्राळविक्राळ प्राण्याशी चौघांची लढाई जुंपलीय आणि कॅमेरा ती लढाई दाखवतच नाही. तो त्या एवढ्याशा ग्रूटवर खिळलेला, आणि ग्रूट गाण्यावर नाचतोय. लढाई मागे कुठेतरी अंधूक. तेवढ्यात गमोरा त्याला दटावते, बाजूला हो, लागेल. आणि लगेच त्याला बघून हसते. रॉकेट सगळं सोडून त्याच्या तोंडातला किडा बाहेर थुंकायला लावतो. पोर सांभाळणाऱ्या माणसाचं लक्ष कसं असतं, ते न बोलता दाखवलंय. हातातलं काम कितीही मोठं असो, अर्धा डोळा तिकडेच.

आता पीटरची गोष्ट. १९८८ साली त्याची आई मेंदूच्या गाठीने गेली. बाप कोण, ते ठाऊक नाही. त्याच रात्री अवकाशातले लुटारू येऊन त्याला उचलून नेतात. त्यांचा म्होरक्या योंडू. हाच आपला निळा बाबा. निळी कातडी, वाकडेतिकडे दात, आणि एक बाण, जो तो शिट्टी वाजवून उडवतो. पीटरला वाढवलं याने, चोऱ्या करायला शिकवलं याने. लोकांना मात्र सांगायचा, की पोरगं बारीक आहे, अरुंद जागेत शिरतं, म्हणून ठेवलंय. आणि पीटरला सतत ऐकवायचा, की माझी माणसं तुला खाणार होती, मीच त्यांना अडवलं.

लहान असताना पीटर खिशात एका नटाचा फोटो बाळगायचा आणि हेच माझे वडील म्हणून मुलांना सांगायचा. डेव्हिड हॅसलहॉफ नावाचा तो नट, अमेरिकेत त्या काळी घरोघरी माहीत असलेला. वडील शूटिंगला गेलेत, गाण्याच्या कार्यक्रमाला गेलेत, म्हणून इथे नाहीत. तो प्रसंग पाहताना मला तुमची फार आठवण आली. अण्णा गेले तेव्हा मी दुसरीत होतो, पण अशी थाप मारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. शाळेत कोणी विचारलं तर सरळ सांगायचो, वडील वारले, काका आहेत. आणि त्यात काही कमी आहे असं वाटायचं नाही.

मग एक दिवस पीटरला खरा बाप भेटतो. नाव ईगो, काम केलंय कर्ट रसेलने. राजबिंडा, गोडबोल्या, आणि साधासुधा माणूस नव्हे. तो स्वतःच एक आख्खा ग्रह आहे, लाखो वर्षं जगलेला. ग्रहावर कारंजी, बागा, महाल. बाप लेकाला प्रकाशाचा गोळा करायला शिकवतो आणि दोघं तो एकमेकांकडे फेकत झेलाझेली खेळतात. पीटर चांगला तिशी ओलांडलेला, पण त्या क्षणी आठ वर्षांचा दिसतो. मधला हा भाग थोडा रेंगाळतो, ईगो बोलतो फार. पण ती झेलाझेली विसरू नका, कारण त्या एका खेळासाठी तो मुलगा आयुष्यभर थांबलेला असतो.

पुढे जे उघड होतं ते भयंकर आहे. ईगोने हजारो ग्रहांवर स्वतःचं बीज पेरून ठेवलंय. ते वाढवून त्याला सगळं विश्व फक्त स्वतःनेच भरून टाकायचंय. एकट्याची शक्ती पुरत नाही, म्हणून जागोजागी मुलं जन्माला घातली. ज्याच्यात त्याची शक्ती उतरेल त्याला वापरायचं. ज्यांच्यात उतरली नाही, त्यांना संपवलं. गमोरा आणि तिच्या बहिणीला एका गुहेत त्या मुलांच्या हाडांचा ढीग सापडतो. आणि पीटरच्या आईच्या डोक्यातली गाठ? तीही यानेच घातलेली. तिच्यावर जीव जडला होता, आणि ती असती तर आपलं काम अर्धवट राहिलं असतं म्हणून! हे ऐकल्यावर पीटर क्षणभरही विचार करत नाही, सरळ गोळ्या झाडतो.

शेवटी ग्रह कोसळतो. एकाला पुरेल एवढाच अवकाशातला पोशाख योंडूजवळ असतो. तो पीटरला घालतो आणि स्वतः त्या थंडीत गोठून मरतो. मरताना सांगतो, की माझ्याकडून काहीच धड झालं नाही, पण तू माझा पोरगा होतास हे माझं नशीब. आणि ईगोबद्दल म्हणतो, की तुला जन्म दिला असेल त्याने, पण बाप म्हणावा असा तो नव्हता. तुमचा नातू तिथे रडायला लागला. नंतर अंत्यविधीत पीटर त्या फोटोची गोष्ट सांगतो. जो बाप मी फोटोत शोधत होतो, तो सगळा वेळ माझ्याशेजारीच होता, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो.

काका, मी मात्र योंडूच्या त्या वाक्यापाशी अडकलो. सिनेमात ते अगदी बरोबर आहे. ईगोसारख्या माणसाबद्दल दुसरं काय म्हणणार? पण म्हणूनच ते सोपंही झालंय. जन्मदाता राक्षस निघाला की वाढवणाऱ्याला बाप ठरवायला काही अडचणच उरत नाही. एकाला पुसून दुसऱ्याचं नाव लिहायचं. आमचे अण्णा चांगले होते. चांगल्या माणसाच्या जागी उभं राहून त्याच्या पोराला वाढवायचं, आणि ती जागा त्याचीच ठेवायची, हे कितीतरी अवघड. तुम्ही ते केलंत. माझं अक्षर चांगलं आलं की "अण्णाचं आहे हे" म्हणायचात, आणि मी हट्टाला पेटलो की काकूंना सांगायचात, "हे माझ्यावर गेलंय." चांगलं सगळं त्यांच्या खात्यावर, वाईट सगळं स्वतःच्या. मला अण्णा धड आठवतही नव्हते, तुम्ही सांगून सांगून ते माझ्या ओळखीचे केलेत. त्यांचं नाव तुमच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलं असेल, तितकं दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. एका मुलाला दोन बाप असू शकतात आणि दोघांत भांडण नसतं, एवढी जागा त्या एवढ्या मोठ्या सिनेमात नाही. आपल्या घरात होती.

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. मॅन्टिस नावाची एक मुलगी आहे, कोणालाही स्पर्श केला की त्याच्या मनातलं तिला जाणवतं. एकदा ड्रॅक्स समोर बघत शांत बसलेला असतो. मुलीची आठवण काढत असतो, पण चेहऱ्यावर काही नाही. मॅन्टिस त्याला हात लावते आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागतं. तो तसाच बसलेला. आम्हां मुलांना अण्णा गेले तेव्हाचे तुम्ही असेच आठवता. ताठ. कागदपत्रं करणारे, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणारे, रात्री मला झोपवणारे. मला एवढंच कळत होतं, की माझे वडील गेले. तुमचा भाऊ गेला होता, हे कळायचं माझं वय नव्हतं, आणि तुम्ही ते कळू दिलं नाहीत. ज्या पोराकडे बघून भावाची आठवण येणार, त्याच पोराला रोज अभ्यासाला बसवायचं, हे तुम्ही कसं निभावलंत काका? हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. फोनवर विचारता येत नाही म्हणून इथे लिहितोय. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

बहिणींचंही सांगतो, दादाला आवडेल म्हणून. गमोरा आणि नेब्युला या दोघींना थॅनोस नावाच्या क्रूर माणसाने आपल्या मुली म्हणून वाढवलं आणि सतत एकमेकींशी लढायला लावलं. जी हरेल, तिचा एकेक अवयव काढून तिथे यंत्र बसवायचा. प्रत्येक वेळी हरली नेब्युला. डोळा, हात, मेंदू. ती गमोराला ओरडून सांगते, की तुला जिंकायचं होतं, मला फक्त बहीण हवी होती. माझ्या मते सिनेमातलं सगळ्यात खरं बोलणं हेच. मुलांची तुलना केल्याने जे होतं, ते इथे अंगावर दाखवलंय. तुम्ही आम्हां दोघांच्या प्रगतिपुस्तकांवर वेगवेगळ्या दिवशी सह्या करायचात, शेजारी शेजारी ठेवून कधीच नाही. दादाच्या ते लक्षात आहे का, विचारा त्याला. माझ्या आहे. माझ्या दोन्ही मुलांच्या बाबतीत मी तेच पाळतो.

सिनेमात दोष आहेत. विनोद जागोजागी पेरलेत आणि काही वेळा गंभीर क्षण नीट बसायच्या आतच पुढचा विनोद येतो. पण मला खरं खटकलं ते त्या हाडांच्या ढिगाचं. ती सगळी पीटरची भावंडं होती. सिनेमा तिथे हवा तेवढा थांबत नाही.

तुमच्या नातवाने मात्र ते पकडलं. रडणं थांबल्यावर मला म्हणाला, "बाबा, ती बाकीची मुलं ईगोकडे नेऊन कोणी दिली?" योंडूनेच. पैसे घेऊन. त्या मुलांचं पुढे काय होतं हे कळल्यावर त्याने ते थांबवलं आणि पीटरला पोचवलं नाही. मुलांचा व्यापार करायचा नाही, हा लुटारूंचाही नियम होता, आणि तो मोडला म्हणून लुटारूंच्या बाकीच्या टोळ्यांनी त्याला वाळीत टाकलं होतं. पोरगा विचारतो, मग तो चांगला की वाईट? मी सांगितलं, की त्याने जे केलं ते वाईटच होतं, पीटरला वाचवल्याने ती मुलं परत येत नाहीत. आणि पीटरवर त्याचं प्रेम होतं, तेही खरं. शेवटी ज्यांनी वाळीत टाकलं होतं तेच आपापली यानं घेऊन त्याला निरोप द्यायला येतात, तेही दाखवलं त्याला. त्याचं समाधान झालेलं नाही. म्हणतो, आजोबांना विचारतो. तेव्हा तुम्ही सिनेमा बघा आणि त्याला तुमचं मत कळवा. तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं असेल तर तेही सांगा, माझी काही हरकत नाही. लहान पोर म्हणून गुळमुळीत उत्तर मात्र देऊ नका, ते त्याला लगेच कळतं.

दादाला सांगा, हिंदीतला मिळाला तर तो लावून दे. पण इंग्रजीतला असला तरी वर लिहिलंय तेवढं लक्षात ठेवलंत की समजेल. काकूंना स्फोटांचा आवाज सोसणार नाही, त्या वेळी आवाज कमी करा. गाणी आली की वाढवा, सत्तरच्या दशकातली छान गाणी आहेत.

गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते नीट कळवा, "बरं आहे" एवढंच नको. काकूंना नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा
धाकटा

ता. क. सिनेमा संपून नावं सुरू झाली की दादा लगेच बंद करेल, करू देऊ नका. मधे मधे पाच छोटे प्रसंग आहेत. त्यातल्या एकात ग्रूट वयात आलेला आहे, खोलीभर पसारा, हाक मारली तर उलट उत्तर. पीटर त्याच्यावर वैतागतो आणि म्हणतो, योंडूला काय वाटत असेल ते मला आता कळतंय. तो काकूंना जरूर दाखवा.