कुणाचा घोडा, कुणाला उठबैस?

मा. नगरविकास मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

रस्त्यावरची लीद कुणी उचलायची, हा विषय निघाला की बैठकीत हशा पिकतो आणि पुढचा विषय सुरू होतो. मी स्वतः घोडा पाळतो. त्यामुळे हे पत्र तक्रारदाराचं नाही, आरोपीच्या पिंजऱ्यातलं आहे.

आम्हा घोडेवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "लीद म्हणजे काय हो, नुसतं गवत!" ते अगदीच खोटं नाही. घोडा रवंथ करत नाही. त्याचा चारा मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्यातला बराच चोथा तसाच बाहेर पडतो. कुत्र्याची विष्ठा आणि लीद एका मापानं मोजू नये, हेही मान्य. पण पूर्ण वाढलेला घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो. कुत्रेवाल्यानं वाकून पिशवीत भरायचं आणि आम्ही घमेलंभर मागे टाकून टापा वाजवत निघून जायचं, या वागण्याचं समर्थन मला तरी जमत नाही.

आणि गवत शोभतं ते शेतात. डांबरावर ते चाकांखाली चेपतं, पावसात निसरडं होतं, उन्हात वाळून धूळ होऊन उडतं. उकाड्यात त्यात घातलेल्या अंड्यांच्या आठ-दहा दिवसांत माश्या होतात. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या आतड्यात असतात, हे कारणही पुढे केलं जातं. असतात खरे, पण ते मातीतही असतात. लोकांना घाबरवून नियम आणू नका, एवढीच विनंती.

तशीच ती दुसरी दंतकथा. १८९४ साली लंडनच्या 'टाइम्स'नं म्हणे भाकीत केलं होतं की पन्नास वर्षांत रस्ते नऊ फूट लिदीखाली गाडले जातील. असा लेख त्या वर्तमानपत्रात कुणालाही सापडलेला नाही. खरी गोष्ट न्यूयॉर्कची आहे. लाखाहून जास्त घोड्यांच्या त्या शहरात १८९५ मध्ये जॉर्ज वेअरिंग सफाई खात्याचे प्रमुख झाले, त्यांनी कामगारांना पांढरे गणवेश दिले आणि रस्ते खरोखर झाडून घेतले. कौतुक करावं तेवढं थोडं, पण तेव्हाही घोडा एकाचा आणि झाडू दुसऱ्याच्याच हातात होता. आजही आम्ही सोडलेली लीद पहाटे सफाई कामगारच खरवडतो. त्याला त्या घोड्यातून एक पैसा मिळत नाही.

म्हणून जबाबदारी मालकाचीच हवी. टांगा-बग्गीला सबब नाही: घोड्याच्या मागे दोन दांड्यांमध्ये झोळी बांधता येते. व्हिएन्नाच्या बग्ग्यांना ती असते, अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्येही. तिथे तर घोडा मुतला की गाडीवान त्या जागी खूण टाकतो आणि मागून गाडी येऊन रस्ता धुते. स्वाराची गोष्ट वेगळी. वाहनांच्या गर्दीत त्याला खाली उतरायला लावाल, तर घोडा बुजेल आणि लिदीपेक्षा मोठा घोळ होईल. त्यानं घोडा बांधून परत यावं आणि उचलावं, पण उचलावंच. रानवाटेवर एवढा काच नको. मात्र लिदीतून तणाचं बी जिवंत बाहेर पडतं, तेव्हा जपलेल्या जंगलात सूट देताना वनखात्याला विचारा.

दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसेन. दंडाची पावती लगाम धरून चालणाऱ्या पोराच्या नावे फाडू नका. घोडा त्याचा नसतो आणि दिवसाची कमाई तेवढ्यात संपते. पावती मालकाच्या नावे. दुसरं, उचललेली लीद टाकायची कुठे, ते आधी सांगा. घोडे जिथे उभे राहतात तिथे झाकणाचा हौद द्या आणि तिथून ती खताच्या ढिगाकडे जाऊ द्या. ढीग नीट रचून वरखाली केला तर आतली उष्णता ५५ अंशांवर जाते, त्यात जंतांची अंडी आणि तणाचं बी दोन्ही मरतं. हौद नसेल तर लोक ती गटारात लोटतील, आणि मग तुंबलेलं गटार उपसायला पुन्हा तोच कामगार.

मी खोगिराला पिशवी आणि आखूड दांड्याचं फावडं बांधतो. एका हातात लगाम धरून वाकलं, की आमचं जनावर नेमकं तेव्हाच दोन पावलं पुढे सरकतं. बघणारे हसतात. हसू देत.

आपला,
एक घोडेमालक