नेत्रदान अडतं ते पहिल्या सहा तासांत

संपादक महोदय,

२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या राष्ट्रीय नेत्रदान पंधरवड्यात गावोगावी फेऱ्या निघतात, संकल्पपत्रं भरली जातात. ती जरूर भरावीत. पण मृत्यूनंतर होकार द्यावा लागतो घरच्यांनीच, आणि कपाटातला तो कागद त्यांना ठाऊकच नसेल तर डोळे चितेवर जातात. अर्ज भरलेला नसला तरी घरच्यांनी फोन केला की नेत्रदान होतं.

बुबुळं, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया), सहा तासांच्या आत काढावी लागतात, उन्हाळ्यात शक्य तितकी आधी. लांबच्या लेकीची वाट बघण्यात हा वेळ निघून जातो. म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावं आणि पथक येईपर्यंत पापण्या हलकेच मिटवून त्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेला कापूस ठेवावा. डोक्याखाली दोन उश्या द्याव्यात, म्हणजे डोळ्यांकडे रक्त साकळत नाही आणि नंतर रक्तस्राव होत नाही. पंखा बंद करावा, एसी असल्यास चालू ठेवावा. अर्धवट उघड्या डोळ्यावर वारा लागला की बुबुळाचा वरचा थर सुकून सोलवटतो. घरात माणसं जमली, उकडायला लागलं की कुणीतरी पंखा लावतंच. बटणावर कागद चिकटवून ठेवा.

बुबुळं काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आणि साक्षीदारांच्या सह्या लागतात. एचआयव्ही, कावीळ यांच्या तपासणीसाठी थोडं रक्त घेतात. चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा, मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांपैकी कशाचीच आडकाठी नाही. रेबीज, एड्स, ब किंवा क कावीळ, रक्ताचा कर्करोग किंवा रक्तात जंतुसंसर्ग असेल तर मात्र डोळे घेत नाहीत. शवविच्छेदन व्हायचं असेल तर पोलिसांची परवानगी आधी मागावी.

एवढी घाई का? बुबुळाच्या सर्वांत आतल्या थरातल्या पेशी पाणी बाहेर उपसून ते पारदर्शक ठेवतात. मृत्यूनंतर त्या मरत जातात आणि पुन्हा तयार होत नाहीत. पेढीत त्या मोजतात. एका चौरस मिलिमीटरला साधारण २००० च्या वर असाव्या लागतात. एमके नावाच्या साठवणीच्या द्रावणात, चार अंश तापमानाला बुबुळ चार दिवस टिकतं, महागड्या द्रावणात चौदा दिवसांपर्यंत. वाया गेलेले तास मात्र कोणतंही द्रावण भरून देत नाही.

बुबुळाची वाट बघणाऱ्यांत शेतमजूर पुष्कळ. उसाचं पान किंवा भाताचं तूस डोळ्याला लागतं, बुरशी धरते, दुकानातून आणलेले स्टेरॉईडचे थेंब घातले की जखम चिघळते आणि फूल पडतं, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग राहतो. ही दृष्टी बुबुळ बदलून परत येऊ शकते. काचबिंदूने गेलेली येत नाही, तशी आशा कुणी दाखवू नये.

आपल्या दैनिकाला विनंती आहे: निधनवार्तांच्या स्तंभाखाली जवळच्या नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक रोज छापावा. ते पान घराघरात वाचलं जातं.

– एका नेत्रपेढीतील तंत्रज्ञ व समुपदेशक