करंगळीचे आभार

प्रिय बाय,

तुझ्या नेमणुकीची बातमी वाडीत आली आणि दुसऱ्याच दिवशी तिठ्यावर बॅनर लागला. फोटो तुझ्या कॉलेजच्या वेळचा, दोन वेण्यांचा. पदाचं नाव एवढं लांब की पोरांना ते दोन ओळींत बसवता येईना. शेवटी डिजिटल ओळख, धोरण, सल्लागार वगैरे सगळं काढून त्यांनी मोठ्या अक्षरांत नुसतं 'दिल्ली' लिहिलं आणि खाली स्वतःचे बारा फोटो लावले. तुझं नाव तिथे भरपूर झालंय, म्हणून इथे लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

अभिनंदन सगळ्यांनी केलं. माझ्याकडे आभार थकलेत, तेही २०१९ च्या चवथीपासून.

आईचा अंगठा तेव्हा दोन महिने रेशनच्या मशीनवर लागत नव्हता. बाबा गेल्यावर ती जुन्या घरात एकटी राहायची, कार्ड तिच्या एकटीचं, अंत्योदयचं, म्हणजे सगळ्यांत गरिबांसाठीचं. महिन्याला ३५ किलो धान्य, तेव्हा तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता. माझं सासर शेजारच्याच गावात, त्यामुळे ती उपाशी राहिली असं काही झालं नाही. पण लेकीच्या घरचा तांदूळ खायला तिला कमीपणा वाटायचा. ती दुकानात जायची, रांगेत उभी राहायची, दोन्ही अंगठे लावायची आणि रिकामी पिशवी घडी करून परत यायची. वीस वर्षं काजूच्या कारखान्यात बी फोडली तिने. कटरमध्ये बी दाबली की कवचातलं तेल उडतं आणि बोटांवर बसतं. हातांना खोबरेल आणि राख चोळली तरी ते चामडी खातंच. आधी काळे डाग पडतात, मग साल निघते, आणि अशी वर्षानुवर्षं साल निघत राहिली की बोट काचेसारखं गुळगुळीत होतं. आपल्याकडच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा काजूच्या जाती काढल्या, बी मोठी झाली, झाडाला लागही वाढला. ती बी फोडणारीच्या बोटांचं काय, हा प्रश्न कुठल्या खात्याच्या टेबलावर येतो ते मला अजून समजलेलं नाही.

आणि मी कोण? मी बँकमित्र. खांद्याला पिशवी, पिशवीत छोटं मशीन, रोज पंचवीस-तीस म्हाताऱ्याकोताऱ्यांचे अंगठे घेऊन त्यांना पेन्शनचे पैसे काढून देणारी. म्हणजे हा रोग मला पाठ होता. तरीही आईला मी हेच म्हणाले होते, "तुझा अंगठा लागत नाही तर मी काय करू?" दिवसभर गिऱ्हाइकांना म्हणायचं वाक्य, तेच घरी म्हटलं.

तू तेव्हा गणपतीला आली होतीस. कुडाळला गाडी चार तास लेट, तिथून एसटी, आणि घरी पोचल्यावर चहा घ्यायच्या आधी काकीला बघायला म्हणून आमच्या खळ्यात. आईने तुझ्यासमोर दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "माझो आंगठो चोरान नेल्यान काय गो?" ती हसत होती, पण डोळे काही वेगळंच सांगत होते. तू तिचे हात हातात घेतलेस, उजेडात धरलेस, आणि म्हणालीस, "काकी, आंगठो जाग्यार आसा. मशीनीक वाचूक येना नाय."

बाय, मी त्या एका वाक्याचे आभार मानायला हे सगळं लिहायला बसले आहे.

कारण तोवर आमच्या सगळ्यांच्या तोंडी दोष बोटाचा होता. अंगठा लागत नाही, अंगठा फेल, अंगठा गेला. दुकानदार तसं म्हणायचा, मी तसं म्हणायचे, आणि बायकासुद्धा आपापल्या बोटांकडे अपराध्यासारखं बघत, ती पदराला पुसत, पुन्हा लावत. वाचता न येणाऱ्याने पुस्तकाला नापास करावं, तसली ही तऱ्हा. तुझ्या वाक्याने तो दोष उचलून जागच्या जागी ठेवला. आई त्या रात्री भजनाला गेली. त्याआधी दोन महिने ती कुठेच गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तू दुकानात आलीस. मला वाटलं होतं तू भांडशील. दुकानदारालाही तसंच वाटलं असावं, तो आधीच आवाज चढवून तयार होता. तू त्याच्याकडे पाणी मागितलंस आणि स्टुलावर बसून आईची दहाच्या दहा बोटं एकेक करून लावलीस. प्रत्येक बोट ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून, नीट सपाट ठेवून. मागे रांग कुरकुरत होती. उजवा हात संपूर्ण गेला. डाव्याचा अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, सगळी गेली. आणि डाव्या करंगळीला मशीनने हिरवा दिवा दाखवला.

करंगळी! बी धरताना ती बाजूला राहते, तेल तिच्यापर्यंत फारसं पोचतच नाही. वीस वर्षं कामचुकारपणा केलेलं बोट ऐनवेळी कामाला आलं. आईने ३५ किलोच्या पावतीकडे बघितलं आणि भर दुकानात म्हणाली, "कृष्णान करंगळीर डोंगर उचलल्यान, माझ्या करंगळीन रेशन उचलल्यान." कुरकुरणारी रांगसुद्धा हसली.

हे एवढ्यावर संपलं असतं तरी मी आभार मानले असते. पण तू विचारलंस, "ज्यांची करंगळीही चालणार नाही त्यांचं काय?" आणि संध्याकाळी सड्यावर, जिथे रेंज येते त्या कातळावर बसून फोनवर काहीतरी शोधत राहिलीस. केंद्राच्या अन्न खात्याने २४ ऑक्टोबर २०१७ ला सगळ्या राज्यांना एक पत्र पाठवलं होतं. ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारायचं नाही, कागदपत्रं बघून द्यायचं आणि नोंद ठेवायची, असा त्याचा आशय. म्हणजे उत्तर दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं. ते दिल्लीहून आमच्या तिठ्यापर्यंत पोचायला काय लागतं? इंग्रजी कळणारं एक माणूस आणि सड्यावरची रेंज.

तू ते वहीच्या कागदावर निळ्या शाईने मराठीत उतरवलंस. आधी दहाही बोटं बघा. मग डोळ्याचं यंत्र असेल तर ते. मग मोबाइलवर येणारा ओटीपी. काहीच नाही जमलं तर वहीत नाव लिहून धान्य द्या, माणसाला परत पाठवू नका. दुकानदाराने तो कागद स्वतःहून भिंतीला चिकटवला. त्याचीही बाजू तू ऐकून घेतलीस, हे मला तेव्हा आवडलं नव्हतं, खरं सांगते. आज पटतं. मशीन त्याने बनवलेलं नव्हतं, रेंज त्याच्या हातात नव्हती आणि वहीवर धान्य दिलं तर उद्या तपासणीत त्यालाच जाब द्यावा लागणार होता. भीती दोन्ही बाजूंना होती.

कागद अजून आहे. शाई उडाली, कोपरे वाळवीने खाल्ले, वरून सेलोटेप मारलीय. त्यातलं ओटीपीचं कलम मात्र आमच्याकडे कधीच नीट चाललं नाही. निम्म्या म्हाताऱ्यांच्या आधारला मुंबईतल्या मुलाचा नंबर जोडलेला. तो मुलगा लोकलमध्ये लटकत असतो आणि इकडे ओटीपीची मुदत संपते. ज्यांचा स्वतःचा नंबर आहे त्यांचा ओटीपी सड्यावर गेल्याशिवाय येत नाही, आणि दुकान खाली बाजारात. आता म्हणे चेहऱ्यावरून ओळख पटते. बरं आहे, करून बघितलं, आईचा चेहरा मशीनने तिसऱ्या खेपेला घेतला. पण त्यालाही इंटरनेट लागतंच ना? तू आता ज्या खोलीत बसणार आहेस तिथल्या भिंतीवर हे चित्र नसेल, म्हणून लिहून ठेवते.

दिल्लीला गेलेल्या माणसाने काय करावं, याचं आमच्या भागाचं माप ठरलेलं आहे. तुला माहीतच आहे. राजापूर मतदारसंघाने मधु दंडवत्यांना सलग पाच वेळा लोकसभेत पाठवलं. १९७७ ला ते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी दोन इंच फोम बसवला. गंमत अशी की तेव्हा आपल्याकडे रेल्वेच नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली २६ जानेवारी १९९८ ला, तोवर आम्ही एसटीत हाडं मोजत मुंबई गाठत होतो. तरीही बाबा तो फोम आपल्याच घरात बसवल्यासारखा अभिमानाने सांगायचे. कोणाला बसायला कुठे टोचतं ते बघितलं आणि तेवढं नीट केलं, असं ते म्हणायचे. बॅनर लावणाऱ्या पोरांना मी हे सांगितलं. त्यातला एक म्हणाला, "काकी, दोन इंच फोमने व्हायरल होत नाही." बरोबरच आहे त्याचं.

नव्या डेटा संरक्षण कायद्याबद्दल तू मागच्या खेपेला सांगितलं होतंस. २०२३ च्या त्या कायद्यात, माणसाची माहिती घेण्याआधी त्याला जे सांगायचं ते इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी त्याला हव्या त्या भाषेत वाचता आलं पाहिजे, अशी सोय आहे. यादीत मराठी आहे, कोकणी आहे. मालवणी नाही, पण ते राहू दे, भांडायला काहीतरी शिल्लक हवं. मला एवढंच वाटतं की ते मराठी तुझ्या त्या वहीच्या कागदासारखं असावं. सरकारी मराठी आईला इंग्रजीपेक्षा कठीण जातं.

माझ्याबद्दल विचारशील तर मी 'अंगठा फेल' म्हणणं सोडलं. "मशीनला वाचता येत नाही, दुसरं बोट बघू," असं म्हणते. प्रत्येक गिऱ्हाइकामागे दोन-तीन मिनिटं जास्त जातात आणि कमिशन तेवढंच. कधी कंटाळा येतो, दुपारच्या उन्हात जुनं वाक्य तोंडावर येतं, एकदोनदा निसटतंही. पण आता निसटलं की जाणवतं.

आई आता कारखान्यात जात नाही. बोटांवर रेषा थोड्या परत उमटू लागल्यात, ती त्या उन्हात धरून बघत बसते. तुझ्यासाठी आमसुलं आणि ओले काजूगर वाळवून बांधून ठेवलेत. सरकारी माणसाला भेट चालत नाही असं मी तिला म्हटलं, तर म्हणाली, भेट कसली, चेडवाक खाऊ.

तिला या पत्राखाली करंगळीचा ठसा उमटवायचा होता. स्टॅम्पपॅडही शोधून आणलं होतं तिने. मी नको म्हटलं. दस्तांवरचे ठसे उचलून, रबरी बोटं बनवून लोकांच्या खात्यातले पैसे काढल्याची प्रकरणं काही राज्यांत पकडली गेली, आणि पत्र तर चारचौघांत जाणार. ती रुसली. मग तिने पेन घेतलं आणि सही केली, रात्रशाळेत शिकली होती तशी, एकेक अक्षर थांबून. दुसरी वेलांटी उलटी पडलीय. ती सही पिशवीतल्या चिठ्ठीवर आहे, आमसुलांच्या वर ठेवलीय.

तुझी,
वरच्या वाडीतली ताई