बेजा ही अरबीची बोली नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला सुदानच्या पोर्ट सुदान बंदरावरचा लेख वाचला. खार्टूममधलं सरकार तिथं कसं आलं, ते लेखकाने नीट मांडलं आहे. पण ‘स्थानिक बेजा लोक अरबीची एक बोली बोलतात’ या वाक्याने काल दिवसभर मला चैन पडू दिलं नाही. बेजा कुशिटिक भाषा आहे, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या सोमाली-ओरोमोच्या गोतातली. अरबीशी तिचं नातं फार लांबचं.

१९८०च्या दशकात तीन वर्षं मी त्या गोदीत क्रेन दुरुस्तीवर होतो. आमचा मुकादम हदेंदोवा, म्हणजे बेजाच. पाळी सुटली की जबना नावाच्या मातीच्या सुरईत आलं घातलेली कॉफी उकळायची आणि बिनकानाच्या इवल्या कपांतून फिरत राहायची. उंटाला ते ‘काम’ म्हणतात आणि उंट अनेक झाले की स्वर आखडून ‘कम’, हे मला त्यानेच शिकवलं. एकदा म्हणाला, आमच्या भाषेचं नाव तुमच्या अक्षरांत लिहून दाखव. नाव बिडाव्येत. त्यातला ड थेट आपला ड, जीभ टाळूकडे वळवून म्हणायचा. गोदीतला कारकून ते अरबीत लिहिताना द लिहायचा आणि वाचायचाही द. मी डायरीत देवनागरीत लिहिलं, मोठ्याने वाचलं. त्याने पुन्हा वाचायला लावलं. मग बाकीच्यांना हाका मारल्या आणि तिसऱ्यांदा वाचायला लावलं. ते पान फाडून त्याने खिशात घातलं.

त्याची मुलं शाळेत अरबीतच शिकत होती. शेजारच्या इरिट्रियात याच भाषेत प्राथमिक शाळा चालतात, रोमन लिपीत. लेखात याचा एक शब्द नाही! २०२१ साली बेजांनी हेच बंदर अडवलं होतं, तेव्हाही तुमच्या बातमीत ‘अरब टोळ्या’ असंच आलं होतं. तेव्हा मी गप्प बसलो, ती माझी चूक.

आणखी एक. मागच्या महिन्यात इरिट्रियातल्या केरेनचं ‘करेन’ छापलंत. १९४१ साली तिथल्या डोंगरांवर मराठा पलटणीचे जवान लढले, मेले. निदान त्या गावाचं नाव तरी मराठी वर्तमानपत्रात धड यावं.

बेजांबद्दलची दुरुस्ती पुरवणीतच, त्याच पानावर छापावी ही विनंती. आतल्या पानावरची दोन ओळींची चौकट नको.

– एक जुना वाचक, उरण