ताई, तुम्ही मला खोलीबाहेर काढलंत म्हणून

ताई,

त्या पहाटे तुम्ही मला माझ्याच घरात खोलीच्या बाहेर थांबायला सांगितलंत, त्याबद्दल हे पत्र आहे. तोंडावर तीनदा थँक्यू म्हणालो पण तेवढ्याने समाधान होत नाही, आणि सगळ्यांसमोर अशासाठी लिहितोय की अजून दोन-चार आईबापांनी हे वाचावं.

पोरगा 14 वर्षांचा. रात्री अडीचला उठला, पोट दुखतंय म्हणाला, लगेच उलटी. कुठे दुखतंय विचारलं की बेंबीच्या खाली उजवीकडे हात फिरवायचा, "इथंच, पोटात." मला वाटलं गॅस असेल, गोळी दिली, म्हटलं झोप, सकाळी डॉक्टरकडे जाऊ. तो काही झोपला नाही, गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि मी लाइट लावली की पांघरूण कमरेपाशी घट्ट धरायचा. मी समजलो थंडी वाजतेय.

साडेपाचला तुम्ही हॉस्पिटलच्या ड्यूटीला निघाला होतात, मी जिन्यात उभा, काय करू कळत नव्हतं. दोन मिनिटं बघते म्हणून आत आलात, पोट दाबून पाहिलंत, खोकायला लावलंत, आणि मग, "दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा." दार लोटलंत. आतून तुमचा आवाज ऐकू येत होता, अगदी रोजच्यासारखा, "खाली अंडकोषात दुखतंय का? सूज आलीय? लाजू नको, आम्ही रोज बघतो." थोडा वेळ काहीच नाही, आणि मग तो हुंदके देऊन रडायला लागला. तीन तास माझ्यासमोर दाबून ठेवलेलं रडू होतं ते.

बाहेर येऊन तुम्ही एवढंच बोललात, आत्ताच्या आत्ता निघायचं, त्याला पाणीसुद्धा देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. गाडीतून कॅज्युअल्टीला फोन केलात, टॉर्शन वाटतंय, सर्जनना बोलवून ठेवा. मी हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. अंडकोषाला रक्त नेणारी जी दोरीसारखी नळ्यांची जुडी असते तिला पीळ बसतो आणि रक्तच बंद होतं, साधारण 6 तासांच्या आत पीळ सोडवला तर वाचायची शक्यता भरपूर, पुढे तासागणिक कमी होत जाते. आणि दुखतं पोटात, कारण आईच्या पोटात असताना हा अवयव बाळाच्या पोटातच तयार होऊन नंतर खाली उतरतो, त्याच्या नसा वरूनच येतात. म्हणजे पोरगा खोटं बोलत नव्हता, पोट खरंच दुखत होतं, फक्त अर्धंच सांगत होता.

साडेसातला तो ऑपरेशन टेबलावर होता. सर्जन नंतर म्हणाले की अंडकोष काळानिळा पडलेला, पीळ सोडवल्यावर रंग परत आला. पुन्हा असं होऊ नये म्हणून दोन्ही बाजू टाके घालून पक्क्या केल्या. मग कळलं की आधीही दोनदा त्याला खेळताना असं अचानक दुखून आपोआप थांबलं होतं, तेव्हाही आम्हाला पोट दुखलं एवढंच सांगितलेलं.

बाकावर बसलो होतो तेव्हा तुम्ही मधे मधे येऊन जे सांगितलंत ते मी घरी जाऊन लिहून काढलं, ते इथे टाकतोय. अपेंडिक्सचं दुखणं बरेचदा बेंबीभोवती सुरू होतं, काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं, भूक मरते, चालताना वाकून चालावं लागतं, गाडीला धक्का बसला तरी कळ येते. मुलींमध्ये, बायकांमध्ये अंडाशयालाही असाच पीळ बसू शकतो, एकदम जोराची एका बाजूची कळ आणि उलट्या, आणि ते पाळीचं दुखणं म्हणून सोडून दिलं जातं. पाळी चुकलीय आणि खाली एका बाजूला दुखतंय, थोडं रक्त जातंय, चक्कर येतेय किंवा खांद्याच्या टोकाला दुखतंय तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेला असू शकतो, तिथे एक मिनिट थांबायचं नाही. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं हे इन्फेक्शन, त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी दाखवलं तरी चालतं, पण थंडी वाजून ताप आणि पाठीत दुखायला लागलं तर नाही. मुतखड्याचा माणूस एका जागी बसूच शकत नाही, कळ पाठीकडून जांघेत उतरते. वयस्कर पुरुषाला लघवीच होत नसेल आणि ओटीपोट फुगलं असेल तर सरळ हॉस्पिटल. आणि हो, बरीचशी पोटदुखी बद्धकोष्ठ नाहीतर गॅसचीच असते हेही तुम्हीच सांगितलंत, शौचाला झालं, वारा सरला की ती हलकी होते. पोट लाकडासारखं कडक, उलट्या थांबत नाहीत, शौचातून रक्त, किंवा दुखण्याने माणूस झोपेतून उठतोय आणि तास उलटले तरी कमी होत नाही, यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघायची नाही. मी नेमकं तेच करत होतो.

एक गोष्ट मला अजून टोचते. मी त्याला पाच-सहा वेळा विचारलं कुठे दुखतंय म्हणून, पण खाली दुखतंय का हे तोंडातून निघालं नाही, कारण आमच्यात त्या अवयवाचं नाव घेऊन कधी बोलणंच झालेलं नव्हतं. तुम्ही ते एका वाक्यात विचारलंत. त्या दिवशी तुमची ड्यूटी उशिरा लागली, वरून बोलणी खाल्लीत हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं, तुम्ही स्वतः बोलला नाहीत.

तो आता बरा आहे, शाळेत जातोय, खेळायला अजून परवानगी नाही म्हणून चिडचिड करतो. परवा संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, खाली डावीकडच्या टाक्याला खाज येतेय, दाखवायला जाऊया का?"

तुमच्या खालच्या मजल्यावरचा,
त्याचा बाबा