मिरची कडकडीत वाळल्याशिवाय बरणीत जात नाही

प्रिय सोन्या,

काल पाठवलास तो वाळत घातलेल्या मिरच्यांचा फोटो चष्मा लावून, झूम करकरून बघितला. बाहेरून लालभडक आणि चिरल्यावर आत राखाडी लव, ती बुरशीच आहे, दुसरं काही नाही. धुवून पुसून ठेवायच्या भानगडीत पडू नकोस, बुरशी लागलेल्या सगळ्या फेकून दे. आणि "फोडणीत टाकली की मरेल ना" असं विचारलंस त्याचं उत्तर, बुरशी मरेल पण विष राहील. ओलसर मिरचीवर धरणाऱ्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडतात, ते लिव्हरला वाईट आणि आपल्या नेहमीच्या तळण्या-भाजण्याने जात नाही. मूठभर मिरच्यांसाठी कशाला हवाय तो ताप.

आता मुद्द्याचं. तुला वाटतंय ऊन कमी पडलं, पण उलव्याच्या त्या पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी उभं राहवत नाही, उन्हाला काय तोटा आहे? घोळ हवेचा आहे रे. एका बाजूला खाडी, त्यात कागदावर मुंबईतून पाऊस ८ ऑक्टोबरला जातो पण दमटपणा काही त्याच्याबरोबर जात नाही. मग दिवसा मिरचीतलं पाणी उडतं आणि रात्री तीच मिरची हवेतली ओल परत ओढून घेते. तू दोऱ्यात ओवून किचनच्या खिडकीत माळ लटकवलीस, फोटोत छान दिसते, पण ती कोरड्या हवेची पद्धत झाली आणि त्यातही बारीक लवंगीसारख्या मिरचीची. तुझ्या मिरच्या गरदार, त्या अख्ख्या ठेवल्यास तर साल वाळतं आणि आतला ओलावा तिथेच कोंडतो. तेच झालंय.

तर उरलेल्या आहेत त्या आधी धुवून, पुसून, पूर्ण कोरड्या कर आणि मग उभ्या चिरून दोन फाका कर. चिरताना हातात ग्लोव्हज घाल, हे मी दोनदा सांगतेय असं समज, कारण तुझ्या त्या आसामच्या मित्राने दिलेलं रोप भूत जोलोकियाचं आहे. २००७ साली गिनीज बुकात जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून नोंद झालेली ती हीच, दहा लाख स्कोव्हिलच्या वर (तिखटपणा त्यात मोजतात), आपली ब्याडगी तिच्यापुढे लहान मूल. आणि तिखटपणा बियांत असतो असं सगळे म्हणतात ते खरं नाही, बिया ज्याला चिकटलेल्या असतात ना ती आतली पांढरट शीर, खरा जाळ तिथे. हाताला लागलंच तर नुसतं पाणी ओतत बसू नकोस, मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, आधी गोडंतेल चोळ आणि मग भांडी घासायचा साबण. डोळ्याला हात नाही, आणि छोटीला तर उचलूच नकोस तोपर्यंत.

चिरलेल्या फाका चाळणीवर किंवा जाळीवर पसर, ताटात नको, खालून वारा लागला पाहिजे. एकावर एक नको. वरून माझी जुनी ओढणी टाक, कबुतरांसाठी, त्यांना मिरची तिखट लागत नाही हे तुला माहितीये ना, पक्ष्यांना ती जळजळ जाणवतच नाही, खुशाल टोचतील. ऊन उतरलं की चाळणी आत, पंख्याखाली, आणि सकाळी परत बाहेर. कंटाळवाणं आहे पण ह्याला पर्याय नाही. म्हणून तर ऐरोली-घणसोलीच्या गावठाणात आगरी बायका मसाल्याच्या मिरच्या एप्रिल-मेमध्ये गच्चीवर घालतात, आत्ता नाही.

ढग आले तर ओटीजी, तुझा तो छोटा विजेचा ओव्हन, लाव. सगळ्यात कमी आकडा, पन्नास-साठ असेल तर उत्तम, दार लाकडी चमच्याने थोडं उघडं ठेव म्हणजे वाफ बाहेर जाईल, आणि मध्ये मध्ये परतत राहा. किती तास ते मी सांगू शकत नाही, फाका किती जाड त्यावर आहे. खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू, सूनबाई आणि छोटी बेडरूममध्ये, दार लावून. मायक्रोवेव्ह मात्र अजिबात नाही, ठसका तर लागेलच, पेटूही शकतात.

झाल्या कधी समजायच्या? चामट वाकते तोवर नाही. कडकन मोडली पाहिजे. पण मला विचारशील तर तुझ्याकडे तो डाएटवाला वजनकाटा आहे तोच काढ. ताज्या लाल मिरचीत बहुतेक पाणीच असतं, वाळून वजन खूपच घटतं. रोज वजन कर, घटायचं थांबलं आणि मिरची कडकही झाली की मग बरणी. नुसतं वजन थांबलं आणि मिरची अजून मऊ असेल तर ती हवा आणखी वाळू देत नाहीये, सरळ ओटीजीत.

बरणी काचेची घे, लगेच कपाटात ढकलू नकोस. चार-सहा दिवस ओट्यावर ठेव, रोज हलव, काचेला आतून दमटपणा दिसला की सगळ्या परत बाहेर. मग हिंगाचा एक खडा टाकून अंधाऱ्या कपाटात, उन्हाउजेडात रंग उडतो. पूड सगळी एकदम करू नकोस, लागेल तशी, आणि मिक्सरचं झाकण फिरवून झाल्या झाल्या उघडायचं नाही, धुरळा खाली बसू दे.

ह्यात वर्षाचा मसाला होईल अशी स्वप्नं बघू नकोस. त्याला रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, ती आपण मार्चनंतर वाशीच्या मसाला मार्केटमधून आणू आणि डंकावर कुटून घेऊ. ही तुझी भूतबाई वेगळ्या बरणीत, वर मोठ्या अक्षरात नाव लिहून. बाबांना माहीत नसेल आणि पोह्यांवर घेतील.

रविवारी ठाण्याला येताना चिमूटभर कागदात बांधून आण, आमटीत घालून बघते.

आई