पैठण : मातीचे शिपाई आणि पैठणीची उलटी बाजू

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला पैठणवरचा लेख हौसेने लिहिलेला आहे. पण त्यात दंतकथा इतिहास म्हणून उतरली आहे आणि कारागिरीची पाळी आली तिथे नुसती विशेषणे.

शालिवाहनाची गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. कुंभाराच्या घरी वाढलेल्या नागपुत्राने मातीचे हत्ती, घोडे, शिपाई केले, त्यांच्यात प्राण आले आणि उज्जैनच्या विक्रमाचा पराभव झाला. ती जरूर सांगावी. मात्र इ.स. 78 पासून मोजल्या जाणाऱ्या शकाचा पुरावा म्हणून तिला उभे करू नये. त्या शकाला शालिवाहनाचे नाव कित्येक शतकांनंतर चिकटले. पैठण सातवाहनांची राजधानी होती, हे मात्र पक्के.

मातीचा विषय निघालाच आहे, तर पैठण आणि धाराशिव जिल्ह्यातले तेर इथे सापडलेल्या सातवाहनकालीन बाहुल्यांबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती. पांढऱ्या केओलिन मातीच्या या बाहुल्या आतून पोकळ असतात. पुढचा आणि मागचा असे दोन साचे. प्रत्येकात मातीची पातळ पोळी बोटांनी दाबून बसवायची, थोडी आवळली की दोन्ही अर्ध्या भागांच्या कडांना पातळ चिखल लावून सांधायचे. अशा पोकळ कामात हवेला वाट ठेवावी लागते. मातीत ओल उरली असेल तर भट्टीत तिची वाफ होते आणि कोंडली की बाहुली फुटते. सांधा कच्चा असेल तर कानाच्या रेषेत सरळ दोन फाका होतात. केसांचे पेड, कानातली कुंडले इतकी बारीक उठतात ती साचा नीट कोरलेला असल्यामुळे. प्राण फुंकण्याच्या कथेपेक्षा हे कमी नवलाचे नाही.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. ‘रोमला जाणारी पैठणी’ हे वाक्य आता सगळीकडेच छापले जाते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण गुजरातेतल्या भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर सांगितले आहे. त्यात पैठणहून भडोचला जाणारा माल आहे तो अकीकासारख्या खड्यांचा. कापड आणि मलमल येते ती तेरहून! आज आपण पैठणी म्हणतो ते रेशीम-जरीचे वस्त्र त्या नोंदीत शोधू नये.

लेखासोबत छापलेल्या छायाचित्रातली साडी तर जॅकार्डवरची, म्हणजे नक्षीचे धागे यंत्राने उचलणाऱ्या मागावरची दिसते. हातमागाच्या पैठणीत पदरावरचा मोर वेगळ्या धाग्याने वरून भरत नाहीत, आडव्या बाण्यातूनच तो विणला जातो. दर रंगाच्या धाग्याची वेगळी तिल्ली, म्हणजे छोटी कांडी. तो रंग जिथे संपतो तिथून धागा मागे फिरतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवला जातो. अडकवायचा राहिला तर तिथे उभी फट पडते. सगळे धागे असे जागीच अडकवलेले असतात, म्हणून पदर उलटा केला तरी मोर तसाच स्वच्छ दिसतो. जॅकार्डच्या साडीत नक्षीचे धागे मागे लोंबतात किंवा कापलेले असतात, आणि लोंबणारे बांगडीत अडकून ओढले जातात. मागे अस्तर किंवा जाळी लावलेली असेल तर टोक उसवूनच पाहावे. फॉल फक्त खालच्या काठाला असतो, त्यामुळे पदर तपासायला त्याची अडचण नसते.

हाल या सातवाहन राजाच्या नावावरच्या गाथासप्तशतीचाही लेखात उल्लेख नाही, याचे आश्चर्य वाटले. महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या सातशे गाथांत गोदावरी ‘गोला’ या नावाने वाहते.

पुढच्या वेळी पैठणीवर काही छापाल तेव्हा पदराच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे शेजारी शेजारी द्यावीत, ही विनंती.

— एक नियमित वाचक